वरातीतल्या पावलाची वंशावळ

परभणी

चि. ताईस,


तुझे पत्र पोचले. लंडनच्या नृत्यवर्गात तू आणि जावईबापू वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट शिकत आहात हे वाचून संतोष वाटला. आणि या साहेबी नृत्याचा आपल्या परभणीच्या वरातीशी काही संबंध असेल काय, हा तुझा प्रश्न तर मला विशेष आवडला, कारण माझ्या मते तसा संबंध निश्चित आहे.

तुझे शिक्षक ज्या शिस्तीचा आग्रह धरतात, तिचा पाया १९२० साली लंडनमध्ये ‘डान्सिंग टाइम्स’चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी बोलाविलेल्या नृत्यशिक्षकांच्या परिषदेत घातला गेला, आणि १९२२ चा विश्वविजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर याने पुढे तिला ग्रंथरूप दिले. त्यापूर्वी अमेरिकेत व्हर्नन आणि आयरीन कॅसल या दांपत्याने जोडीच्या नृत्याला घराघरांत प्रतिष्ठा मिळवून दिली होती. परंतु त्यांच्या पावलांना ज्याच्या वाद्यवृंदाने ताल पुरविला, त्या जेम्स रीस युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराचे नाव नर्तकांच्या नावांइतके सर्वतोमुखी झाले नाही. नाचणाऱ्याची कीर्ती उरते आणि वाजविणारा दप्तराबाहेर राहतो, हा अन्याय मला फार जाचतो.

मुंबईतही हेच घडले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, आणि ज्या गोमंतकीय तरुणांनी गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी व व्हायोलिन यांचे शिक्षण घेतले होते, त्यांनी ते नवे जॅझ संगीत पाहता पाहता आत्मसात केले. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, रात्री ताजमधल्या जोडप्यांसाठी ट्रम्पेट वाजवी आणि दिवसा पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना चित्रपटसंगीतात साहाय्य करी. अशा रीतीने नाचघराच्या चिरेबंदी भिंतींआडचे संगीत, ज्यांना त्या दारातून आत जाण्याची मुभा नव्हती अशांच्या कानांवर पडले.

ते पायांपर्यंत पोचविले भगवान आबाजी पालव यांनी. गिरणीकामगाराचा हा मुलगा. त्यांनी १९५१ साली ‘अलबेला’ हा चित्रपट काढला, संगीत रामचंद्रांचे, आणि चिक चॉकलेटचा वाद्यवृंद तर प्रत्यक्ष पडद्यावर. भगवानदादांचे नृत्य नीट न्याहाळ: गुडघे किंचित वाकलेले, कोपरे दुमडून हात छातीशी, एक पाऊल बाजूला टाकून दुसरे सावकाश त्याला मिळवायचे आणि भार बदलताना खांदा हलकेच डोलवायचा. उडी नाही, गिरकी नाही. स्थूल देहाच्या माणसालाही साधावे आणि तालाशी मात्र तिळमात्र प्रतारणा होऊ नये, असे ते पाऊल. जोडीदाराचा हात सुटला एवढेच. भार तोलण्याची आणि सरकण्याची जी तऱ्हा तू वर्गात शिकतेस, तिचेच रूप मला तेथे दिसते.

परभणीवरील निजामाची अमदानी १९४८ च्या सप्टेंबरात संपली आणि तीनच वर्षांनी हा चित्रपट आला. आज जिंतूर रस्त्याने वरात निघते, बँडवाल्याचा ट्रम्पेट चढतो, आणि एरवी चारचौघांत हात न हलविणारे वयस्कर काका, शेतकरी, तहसिलीतले कारकून तेच पाऊल टाकू लागतात. कोणी शिकविले म्हणून विचारशील तर त्यांना सांगता यायचे नाही.

भगवानदादांनी जुहूचा बंगला गमावला, उतारवय दादरच्या चाळीत काढले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी देह ठेवला. सिल्व्हेस्टरच्या पंक्तीत त्यांचे आणि चिक चॉकलेटचे स्थान आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. तेव्हा एक कर: तुझ्या शिक्षकांना ‘अलबेला’तील एखादे नृत्य दाखव, पालवांचे नाव सांग, आणि मागे बसलेल्या त्या ट्रम्पेटवाल्याचेही सांगायला विसरू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
काका