बुलबुल नव्हे

तीस वर्षे कीट्स शिकवलेल्या माणसाने नाइटिंगेल ऐकलेला नसावा, याची मला कधी गंमत वाटे, कधी लाज. मीही तेच केले होते. 'ओड टू अ नाइटिंगेल' १८१९ सालचे, हॅम्पस्टेडचे, एवढे आम्ही दोघेही फळ्यावर लिहीत असू. पक्ष्यापाशी आलो की 'म्हणजे बुलबुल' म्हणून पुढे सरकत असू. फारसीत बुलबुल म्हणजे नाइटिंगेलच. आपल्याकडे ते नाव भलत्याच पक्ष्याला चिकटले आणि आमच्या विद्यार्थ्यांसमोर विजेच्या तारेवरचा तुरेवाला बुलबुलच येऊन बसला.

निवृत्तीनंतर ही चूक निस्तरायला आम्ही मे महिन्याच्या आरंभी भाड्याची गाडी घेऊन नॉरफकमधल्या क्लाय गावाहून निघालो आणि किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यांनी सफकमधल्या मिन्समिअरला आलो. या दलदलीत दुसऱ्या महायुद्धात शत्रूला अडवण्यासाठी पाणी सोडले होते. त्या पाण्यामुळे इंग्लंडातून नाहीसा झालेला अ‍ॅव्होसेट १९४७ साली परतला. युद्धाने एवढे तरी दिले.

मित्राचे कान अलीकडे उंच स्वर सोडून देऊ लागले आहेत. श्रवणयंत्र वाऱ्यात नुसते खरखरते, म्हणून ते खिशात. लपणात बसलो असता बोरूच्या रानातून रिकाम्या घागरीत फुंकर मारावी तसा घुमारा आला. तो आधी त्यानेच ऐकला. "बिटर्न!" १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये असे घुमणारे नर केवळ अकरा उरले होते, आज ते दोनशेच्या वर आहेत. तो लहान मुलासारखा खूश झाला. वाटेत पाइनच्या शेंड्यावर गोल्डक्रेस्ट किणकिणत होता, ते मी त्याला सांगितले नाही.

नाइटिंगेलचे मात्र उलटे झाले आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत इंग्लंडातले सुमारे नव्वद टक्के गेले. त्याला जमिनीलगतची काटेरी जाळी हवी, आणि तीच हरणे खाऊन टाकतात. त्यांत आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद मुंटजॅकही आहे. (कवीने वनदेवी म्हणून संबोधले असले तरी रात्री गातो तो नर, हेही आम्ही कधी शिकवले नव्हते.)

वेस्टलटनच्या माळावर अंधार पडल्यावर तो गाऊ लागला. दिसला नाही, दिसला असता तरी एक साधा तपकिरी पक्षी. खर्जातली खळखळ, मग एकदम वर चढलेली बारीक लकेर, मग स्तब्धता, मग पुन्हा. या स्तब्धता गाण्याइतक्याच लांब असतात.

मित्र डोळे मिटून उभा होता. "मध्येच थांबतो का रे तो?"

"थांबतो."

"आत्ता थांबलाय ना?"

जाळीत लकेर वर चढत होती.

"हो," मी म्हणालो.