पहिली चोरी कोणाची?

डिटेक्टिव्ह कादंबरी एकदाच वाचावी, चोर सापडला की पुस्तक संपले, असे आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे ठाम मत आहे. मी मात्र विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ सालची कादंबरी दोनदा वाचली. चोर ठाऊक असल्यामुळेच दुसऱ्या वाचनात ती मला अधिक अस्वस्थ करून गेली.

यॉर्कशायरमधील एका श्रीमंत घरात रेचेल नावाच्या तरुणीला अठराव्या वाढदिवशी मामाने मृत्युपत्रात ठेवलेला एक पिवळा हिरा मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. मग संशय कोणावर? घराभोवती फिरणारे तीन हिंदी जादूगार लगेच तुरुंगात जातात. नोकरांचे सामान तपासले जाते. पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेली मोलकरीण रोझॅना सर्वांच्या नजरेत येते. नावे सांगून कोणाचा हिरमोड करीत नाही. पण हिरा गेलेला असतो तो सभ्य माणसांच्याच हाती!

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. कोणाच्या घरी काही सापडेनासे झाले की प्रथम कोणाची पिशवी पाहिली जाते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यामुळे इतरांना जिथे रहस्य दिसते, तिथे मला ओळखीचे काहीतरी दिसत होते.

आणि मुळात हा हिरा त्या घरी आला कसा? उत्तर प्रारंभीच आहे. ४ मे १७९९, श्रीरंगपट्टणचा पाडाव. टिपूच्या शस्त्रागारात हातात रक्ताळलेली कट्यार घेऊन उभा असलेला इंग्रज अधिकारी म्हणजेच हा मामा. कादंबरीत हा मणी सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीचा. टिपूकडेही तो लुटीच्याच वाटेने आलेला. पण मामाच्या गुन्ह्याच्या तपासाला कोणी सार्जंट नेमला जात नाही. पुढे शेकडो पाने जिचा शोध चालतो, ती चोरीच्या मालाची चोरी!

मैत्रीण म्हणाली, “दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला आजची फूटपट्टी लावणे अन्यायाचे आहे.” तिचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. परंतु ही फूटपट्टी लेखकाच्याच हाती होती. १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी त्याने लुटारू म्हणून इंग्रज उभा केला आणि अखेरीस मणी सोमनाथला परत पोचवला. ते जादूगार म्हणजे वेषांतर केलेले ब्राह्मण. मण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, जात गमावली, रक्तही सांडले. आणि शेवटी ते तिघे एकमेकांना कायमचे दुरावतात. त्या प्रसंगी लेखकाने त्यांना दिलेला मान खरा आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. ही कथा अनेकजण सांगतात. बटलर, वकील, धर्मवेडी प्रौढ कुमारिका, डॉक्टरचा मदतनीस, सर्वांच्या हाती लेखणी आहे. रोझॅनाचेही मरणोत्तर पत्र आहे. त्या तिघांना मात्र एक पानही नाही. त्यांचा निरोपदेखील एका इंग्रज प्रवाशाने लिहिलेला!

जुनी पुस्तके फेकून द्यावीत असे मी म्हणत नाही. उलट ती जरूर वाचावीत. फक्त चोर कोण, या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: संशय प्रथम कोणावर आला, आणि कोणाची साक्ष घ्यायची राहून गेली?