मुसाफिराची सवलत

नाशिकरोड स्टेशनावर दोन तऱ्हेचे मुसाफिर दिसतात. एक ‘डेक्कन ओडिसी’ने येणारे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही शाही गाडी २००४ साली सुरू झाली, करोनात थांबली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. झोपायच्या खोल्या, जेवणाचे डबे, बार, स्पा, सगळं गाडीतच. दुसरे, रोज ‘पंचवटी’ने मुंबईला नोकरीसाठी जाणारे. गाडी अर्धा तास रखडली तर पहिल्यांना आणखी एक कप कॉफी मिळते, दुसऱ्यांना लेट मार्क. मला वाटतं, शाही प्रवासाचे पैसे गालिच्याचे नसतातच. उशिराची काळजी दुसऱ्या कुणीतरी वाहावी, त्याचे असतात.

आमच्या अब्बांनाही एकदा ‘साहेबांच्या गाडीत’ बसायचं होतं. ओडिसी आमच्या ऐपतीबाहेरची. पण पावसाळ्यात आपा उमराहला निघाली, मुंबईहून रात्रीचं विमान होतं. तिला निरोप द्यायला जायचं म्हणून मी एसी चेअर कारची दोन तिकिटं काढली. अब्बांनी इस्त्रीचा कुर्ता घातला, खुर्ची दोनदा मागेपुढे करून पाहिली.

इगतपुरीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे थळ घाटात दरड आली होती. ३७ फुटांमागे १ फूट असा तिथला चढ. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिनं लावावी लागतात. तिथे दरड आली की महाग काय, स्वस्त काय, सगळ्या गाड्या एका रांगेत.

जोहरची वेळ झाली. गुडघे साथ देत नाहीत म्हणून अब्बांनी खुर्चीवरच नमाज पढली. शेजारच्या काकूंनी न सांगता मोबाईलचा आवाज बंद केला. अब्बांनी फर्ज दोनच रकात पढले. सफरमध्ये चाराचे दोन होतात, त्याला कस्र म्हणतात.

“एसीत बसलेल्याला कसली सवलत?” मी विचारलं.

“सवलत त्रासाची नाही, सफरची आहे,” अब्बा म्हणाले. हनफी मसलकात साधारण ४८ मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटर जायचा इरादा असला की झालं. उंटावरचा आणि एसीतला मुसाफिर तिथे सारखेच.

पाचच्या सुमारास कळलं, गाडी पुढे जाणार नाही. रस्त्यानेही वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. परतायचं ठरलं. इगतपुरीतच अब्बांनी असर पढली, पूर्ण चार रकात. ठरलेलं अंतर कापण्याआधीच घरी परतायचा इरादा केला की माणूस मुसाफिर उरत नाही. बेत बदलला, तशी नमाजही बदलली.

आपाला फोन लावला तर ती रडायलाच लागली. अब्बांनी फोन हातात घेतला.

“बेटा, रडू नकोस. हदीसमध्ये आलंय, तीन दुआ रद्द होत नाहीत. ज्याच्यावर जुलूम झाला त्याची, मुसाफिराची आणि बापाची. जोहरला मी मुसाफिरही होतो आणि बापही. तेव्हाच तुझ्यासाठी मागून ठेवलीय.”

आपाचं विमान वेळेवर सुटलं.