परदेशी निघालेल्यांसाठी यिर्मयाचे पत्र



फेस्त आटोपले, मुलांचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात दरवर्षी एक ओळखीची गर्दी होते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला लग्नाचा, कुणाला फादरांचे पत्र. बेळगाव-खानापूर भागातली आपली मुले पूर्वी कामासाठी गोव्यात जात. आता बरीच जण गोव्याच्या विमानतळावरून पुढे दुबई, शारजा, अबू धाबी गाठतात. नोंदवहीत नाव शोधता शोधता आम्ही सहज विचारतो, "किती वर्षांसाठी?" उत्तर बहुतेक वेळा एकच असते. "दोनच वर्षं. घराचं कर्ज फिटलं की परत."

हे "दोनच वर्षं" ऐकले की आम्हां स्वयंसेवकांना यिर्मयाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय आठवतो. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतले लोक धरून बाबेलला नेले होते. तेव्हा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयालाही ते खरे व्हावेसे वाटले, तसे तो बोललाही. पण ते खरे नव्हते. म्हणून पुढच्याच अध्यायात त्याने बाबेलमधल्या आपल्या माणसांना पत्र पाठवले. घरे बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावा. ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे भले व्हावे म्हणून झटा, त्याच्यासाठी देवाला प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे.

या पत्रातले अकरावे वचन आपल्या घराघरांत कॅलेंडरवर आणि चहाच्या कपावर असते. देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत, असे सांगणारे ते वचन. त्याच्या आधीचे दहावे वचन मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. त्यात सत्तर वर्षांचा आकडा आहे. देवाने भविष्याचे आश्वासन दिले ते मुक्काम लांबणार आहे हे सांगून झाल्यावर.

अमिरातीत नोकरीचा परवानाही साधारण दोन वर्षांचाच असतो. तो संपतो आणि पुन्हा दोन वर्षांचा निघतो. आमच्या धर्मग्रामातले एक वायरमन असे दोन-दोन करत सतरा वर्षे राहिले. "जायचंच आहे" म्हणून त्यांनी खोलीत खिळा ठोकून येशूचे चित्र लावले नाही. चर्चमध्ये कुणाशी ओळख केली नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे गाव विचारले नाही. पैसे मात्र न चुकता पाठवले. घर उभे राहिले. ते कायमचे परतले तेव्हा धाकटी मुलगी पहिले तीन महिने आईला विचारत होती, "बाबा कधी जाणार?" तिच्या हिशेबात बाबा म्हणजे महिनाभराचा पाहुणा. त्यांनीच हे आम्हांला सांगितले आणि जाणाऱ्या पोरांना सांगा म्हणाले. म्हणून सांगतो आहोत.

निघण्यापूर्वी

यिर्मयाच्या पत्राची सुरुवात घर बांधण्यापासून आहे, आणि घराचा पाया कागदांवर असतो. भेटीच्या व्हिसावर जाऊन काम करणे तिथे बेकायदा आहे. "आधी चल, मग व्हिसा बदलून देतो" म्हणणारा एजंट हा आपल्या काळातला हनन्या समजा. नोकरीचे प्रस्तावपत्र तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात असते आणि कामगाराला समजेल अशा भाषेतही मिळते. ते हातात घेऊन, वाचून मगच सही करा. नोकरभरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असा तिथला कायदा आहे. आपल्या देशातही नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मंगळसूत्र गहाण टाकून दीड-दोन लाख मोजण्याआधी एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. लाज वाटत असेल तर आमच्याकडे या, आम्ही तपासून देऊ.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शेरा असतो. त्यांना अमिरातीत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनाही सक्तीची आहे. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि हप्ता काहीशे रुपयांचाच. ही कटकट नाही, घरच्यांची सोय आहे. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा आणि ती कुठे ठेवली आहे ते घरच्यांना सांगा.

पदवीचे आणि लग्नाचे दाखले साक्षांकित करायला वेळ लागतो: आधी राज्याचे कार्यालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास. चर्चचा विवाह-दाखला असला तरी सरकारी नोंदणीचा दाखला वेगळा काढून ठेवा. पुढे बायको-मुलांना न्यायचे झाले तर तोच मागतील. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखलेही सोबत असू द्या. मुलांना तिथे धर्मशिक्षणाच्या वर्गात घालताना ते लागतात. अविवाहितांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा दाखला नवा, सहा महिन्यांच्या आतला मागतात. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी आम्हांला कळवा.

आयांसाठी एक सूचना. डब्यातल्या मसाल्यात खसखस नको. तिथे तिच्यावर बंदी आहे. इथे चिठ्ठीवर सहज मिळणारी काही दुखण्याची, झोपेची आणि खोकल्याची औषधेही तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवाच, पण परवानगी लागते का तेही आधी पाहा. आणि दुसऱ्याचे पार्सल, मग ते सख्ख्या शेजाऱ्याचे का असेना, उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत घेऊ नका.

पोहोचल्यावर

पासपोर्ट तुमचाच आहे. तो मालकाने ठेवून घेणे तिथल्या कायद्याला मान्य नाही. पगार बँकेमार्फत किंवा अधिकृत एक्सचेंजमार्फत जमा होतो, आणि सरकार त्यावर नजर ठेवते. "रोख देतो, सही कर" म्हटले तर सावध व्हा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला मनाई आहे. अडचण आली तर दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे सहायता केंद्र आहे. तिथे जायला घाबरू नका.

पहिल्याच आठवड्यात चर्च शोधा. दुबईत ऊद मेथा भागात सेंट मेरीज आहे, जबल अलीला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, अबू धाबीत सेंट जोसेफ कॅथेड्रल. २०२२ पासून तिथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी झाली, तरी शुक्रवारी मिस्सेला येणारे पुष्कळ आहेत. कारण खाजगी कंपन्यांत सुट्टीचा वार ज्याचा-त्याचा वेगळा असतो. तुमच्या सुट्टीच्या दिवशी कोणत्या भाषेत, किती वाजता मिस्सा आहे ते फलकावर पाहा.

ही उपासना तिथल्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या जागेवर चालते, याची जाण ठेवा. सामूहिक प्रार्थना चर्चच्या आवारातच ठेवा. पत्रके वाटणे, कुणाला आपल्या धर्मात ओढायला जाणे तिथे गुन्हा आहे. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणेही गुन्हा आहे. म्हणून गावच्या फेस्ताची किंवा घंटेच्या दुरुस्तीची वर्गणी तिकडच्या ग्रुपवर मागू नका, हे आम्ही इथल्या समित्यांनाही बजावून सांगतो. आपल्या उत्साहापायी तिकडच्या भावाची नोकरी जायला नको.

नगराचे भले

पत्रातला सगळ्यांत अवघड भाग हा आहे. ज्यांनी आपल्याला धरून नेले त्यांच्या नगरासाठी प्रार्थना करायची! आपल्या पोरांना कुणी धरून नेलेले नाही. तरीही परक्या शहराबद्दल मनात एक आकस राहतो. उकाडा, वरिष्ठांची बोलणी, आठजणांच्या खोलीतली एक खाट. अशा वेळी सुरुवात लहान करावी. सलाम, शुक्रन, चार शब्द अरबीचे शिकावेत. खोलीतला पेशावरचा टॅक्सीवाला, केरळचा सुतार, मनिलाची नर्स यांची नावे विचारावीत आणि रोझरीत ती घ्यावीत. रमजानमध्ये उपास धरणाऱ्यांसमोर खाऊ नये. नियम आता सैल झाले असले तरी माणुसकी सैल होऊ नये.

आमच्याकडची एक बाई नवऱ्याबरोबर गेली आणि महिन्याभरात तिथल्या गायकवृंदात उभी राहिली. इंग्रजी जेमतेम. पुढे नवरा अकरा दिवस इस्पितळात होता तेव्हा त्याच गायकवृंदातल्या फिलिपिनो बायकांनी पाळी लावून डबे पोहोचवले. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले, अरबी द्वीपकल्पात पोपनी अर्पण केलेली ती पहिली मिस्सा. लाखाहून अधिक माणसे जमली, आणि त्यांतली बहुतेक अशीच पोट भरायला गेलेली परदेशी माणसे होती. तिथले चर्च आपल्यासारख्यांच्याच हातांवर उभे आहे.

परतीचा हिशेब

एक फरक मात्र विसरू नये. बाबेलमधल्यांच्या नातवंडांनी तिथे मुळे धरली. आखातात आपल्याला सहसा नागरिकत्व मिळत नाही. नोकरी संपली की निघावे लागते. म्हणून तिथे मनापासून राहायचे आणि परतीची तयारी पहिल्या पगारापासून करायची, दोन्ही एकाच वेळी.

नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार, आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी तीस दिवसांचा. दोघांना २,००० दिरहम मिळतात, पण एकाचा मूळ पगार १,००० आणि दुसऱ्याचा १,८००. चार वर्षांनी पहिल्याच्या हाती २,८०० येतील, दुसऱ्याच्या ५,०४०. म्हणून करारात एकूण आकडा पाहू नका, मूळ पगार पाहा. इथले बचत खाते एनआरओ करून घ्या, तिकडून पैसे पाठवायला एनआरई खाते उघडा. आणि सगळा पैसा विटा-सिमेंटात घालू नका. परतल्यावर पोटापाण्याचे काय, याचीही तरतूद हवी.

यिर्मयाने सांगितलेली बाग म्हणजे मुलेही. मुले तिथे वाढत असतील तर घरात मराठी बोला आणि रात्रीची प्रार्थना मराठीत म्हणा. नाहीतर सुट्टीत आजीजवळ बसलेले नातवंड हसून मान हलवेल आणि आजीला कळेल की त्याला काहीच समजले नाही. मुले इथे असतील तर फोनवर फक्त "पैसे मिळाले का" एवढे विचारून ठेवू नका. अभ्यासातली एक गोष्ट विचारा, एक गोष्ट सांगा, मग फोनवरच प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा. पाच मिनिटे लागतात.

आणि आपण मागे राहिलेल्यांनीही आपला वाटा उचलावा. ज्या घरातला माणूस परदेशी आहे तिथे आजारी म्हाताऱ्यांना पवित्र कम्युनियन पोहोचते का, लाईट बिल भरायला कुणी आहे का, हे आपापल्या वाड्यात पाहू या. बाबेलला पत्र पाठवणारा यिर्मया स्वतः यरुशलेमेत राहिला होता. दूर गेलेल्यांचा विसर पडू न देणे हे मागे राहिलेल्यांचेच काम होते.

प्रार्थना करू या: हे प्रभू, मरिया आणि योसेफाबरोबर तूही लहानपणी मिसर देशात परका म्हणून राहिलास. आमची जी मुले-मुली परक्या शहरात आहेत त्यांना सुरक्षित निवारा, खरा मालक आणि चांगला शेजारी दे. त्या शहराचे भले कर. आणि त्यांच्या घरातली लेकरे त्यांना पाहुणे समजणार नाहीत, एवढे त्यांना जवळ ठेव. आमेन.