काचेमागचा डोळा

आमच्या गाडीची पुढली काच खंडाळ्याच्या घाटात फुटली. फुटली म्हणजे काय, ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर कोळ्याचे जाळे उमटले. तुकडा मात्र एकही अंगावर पडला नाही. दोन काचांमध्ये पापुद्रा घातलेली ही काच. बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याचे मी मनोमन आभार मानले.

पुण्याला आल्यावर नेहमीच्या मिस्त्रींनी नवी काच बसवली. मी पाकीट काढले, तर ते म्हणाले, "सर, काच माझी. पण आरशामागच्या त्या कॅमेऱ्याची सेटिंग मला येत नाही. ती करून घेतल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नका."

रस्त्यावरचे पट्टे ओळखणारा, पुढे कुणी आडवे आले तर ब्रेक लावायला सांगणारा हा कॅमेरा काचेतूनच पाहतो. घरी येऊन मी गणित मांडले. त्याची नजर १ अंशाने कलली, तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक! महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी मार्गिकाच हुकली. आणि दुसऱ्या दिवशी हीच गाडी घेऊन आमची कन्या नाशिकला निघायची होती!

तिला एस. टी.ने पाठवले. गाडी वर्कशॉपात नेली. तिथे सपाट फरशीवर, फूटपट्टीने अंतरे मोजून, समोर खुणांचा फलक उभा करून तो डोळा जुळवून घेतला.

गाडी चालवायला १९८८ च्या कायद्याने परवाना लागतो. पुढल्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आला पाहिजे, असाही नियम आहे. पण ती काच बसवणाऱ्याने, तो डोळा जुळवणाऱ्याने कसली परीक्षा दिली आहे, हे हा कायदा विचारत नाही. तो विचारला पाहिजे. आमचे मिस्त्री प्रामाणिक निघाले, हे आमचे नशीब. सगळ्यांच्याच लेकी काही नशिबावर सोडता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहिली. मी एम. ए.; वीस वर्षे वर्गात उभा आहे. पण "हे मला येत नाही" हे वाक्य इतक्या सरळपणे मी कधी उच्चारल्याचे आठवत नाही. माझ्याकडे परवाना होता ना!