सरहद्दीपलीकडची मालिका आणि आमची बुडालेली वाडी

वाचकहो, शेताला बांध असतो, गावाला शीव असते आणि देशाला सरहद्द असते. माणसाला सरहद्द ओलांडायची तर परवाना लागतो. टेलिव्हिजनच्या लहरींना मात्र असे कुणी अडवत नाही. अमृतसर आणि लाहोर या दोन शहरांत अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे तिकडचे कार्यक्रम इकडे आणि इकडचे तिकडे वर्षानुवर्षे दिसत आले. आपल्या देशात ज्या मालिका कुणी दाखवत नव्हते, त्या अमृतसरात घरोघर पाहिल्या जात. त्यांतली एक मी पाहिली. तिच्याविषयी तुम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ती जमिनीची आणि धरणाची गोष्ट होती.

तुम्ही म्हणाल, सातारा जिल्ह्यातली बाई अमृतसरला कशी पोचली? आमच्या भागात फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागते. आमच्या ह्यांची पलटण १९७९ साली तिकडे होती. छावणीत घर मिळेना, म्हणून शहराबाहेर एका शीख शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालकिणीला सारे ‘बीजी’ म्हणत, मीही म्हणू लागले. घरामागे गव्हाचे शेत, गोठ्यात दोन म्हशी, आणि पुढच्या खोलीत टेलिव्हिजनचा संच. त्यावर भरतकाम केलेला रुमाल घातलेला असे.

लाहोरचे टेलिव्हिजन केंद्र १९६४ साली सुरू झाले. आपले अमृतसरचे केंद्र निघाले १९७३ साली. म्हणजे मधली नऊ वर्षे त्या भागात संच घेणाऱ्याला लाहोरच दिसायचे. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितका उंच तितके चित्र स्वच्छ. घराघरांवर लोखंडी नळ्या उभ्या करून त्यांच्या टोकाला माशाच्या काट्यासारखे अँटेने बसवलेले असत. वारा सुटला की अँटेना फिरे आणि चित्राला मुंग्या लागत. मग बीजींचा नातू गच्चीवर चढे. तो वरून ओरडायचा, ‘आला का?’ आणि खालून आम्ही सगळ्या बायका एका सुरात ओरडायचो, ‘आला, आला... गेला!’ पाकिस्तानचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. त्यांचे आठचे नाटक आपल्याकडे साडेआठला लागे. म्हशींची धार, स्वयंपाक, पोरांची जेवणे, सारे त्याआधी उरकायचे.

तेव्हा आपल्या दूरदर्शनवर मालिका म्हणून काही नव्हते. ‘हम लोग’ सुरू झाली ती १९८४ साली. त्यामुळे दर आठवड्याला पुढे जाणारी गोष्ट आम्हाला नवीनच होती.

ह्यांना हे सगळे पसंत नव्हते. एकाहत्तरची लढाई होऊन आठच वर्षे झालेली, पलटणीतले सोबती गेलेले. ते म्हणायचे, ‘दिवसभर ज्यांच्यावर नजर ठेवायची, रात्री त्यांचेच नाटक बघायचे?’ आणि बाजेवर अंगणातच बसून राहायचे. त्यांचे बोलणे मला खोडता येत नव्हते. तरी मी आत जाऊन बसत असे.

मालिकेचे नाव ‘वारिस’, म्हणजे वारस. अमजद इस्लाम अमजद या लेखकाने ती लिहिली होती. दिग्दर्शन गझनफर अली आणि नुसरत ठाकूर यांचे. गोष्टीत एक मोठा जमीनदार आहे, चौधरी हशमत. मेहबूब आलम या नटाने हे काम असे केले होते, की तो नुसता खुर्चीत बसला तरी आमच्या खोलीतले बोलणे थांबत असे. कुळे त्याच्यापुढे मान वर करीत नाहीत, घरातल्या मुला-नातवांनाही त्याचाच धाक. अशा चौधरीच्या मुलखात सरकार धरण बांधायचे ठरवते. त्याची जमीन, त्याची हवेली, सारे पाण्याखाली जाणार असते. चौधरी ऐकत नाही. ज्या मातीत वाडवडील गेले, ती मी सोडणार नाही, हा त्याचा हट्ट.

धरणासाठी बीजी ‘बांध’ हा शब्द वापरत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘आता बांध होणार.’ मला वाटले, शेताच्या बांधावरून भांडण आहे. मग पडद्यावर गाव उठवण्याची भाषा सुरू झाली आणि माझ्या लक्षात आले, की हे तर आपलेच आहे.

माझे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. सात घरांची वाडी, उताराला नाचणी आणि वरी, खाली नदीकाठी भाताची खाचरे. कोयनेचे धरण झाले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आमची जमीन गेली, वाडी गेली. खोऱ्यातली माणसे रत्नागिरी, ठाणे, कुलाबा, सांगली, सोलापूर अशी जिकडेतिकडे पांगली. आम्हाला सोलापूरकडे जमीन मिळाली. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शेवटपर्यंत ओट्यावरून उठेनात. बाकीच्यांनी कौले उतरवली, वासे काढले, जाती बैलगाडीत घातली. निघायच्या दिवशी आबांनी पहार घेतली आणि दाराचा उंबरा खणून काढला. तेवढा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर नेला. सोलापूरच्या माळावर पत्र्याच्या घराला तो उंबरा बसवला. दाराच्या मानाने तो मोठा होता. तिथे ज्वारी पिके, भात पिकत नसे. भाकरी मोडताना आबा दर खेपेला म्हणायचे, ‘आज भात असता तर.’

कोयनेची वीज मुंबई-पुण्याकडे गेली, कारखाने चालले, शहरे उजळली. धरण होऊ नये असे मी कधीच म्हणणार नाही. पण ज्यांची खाचरे त्या पाण्याखाली गेली त्यांची गोष्ट कुणी कुणाला सांगितलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती मला पहिल्यांदा दिसली परक्या देशाच्या नाटकात.

शेवटच्या भागाला ह्यांनी बाज सोडली आणि दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, पण हललेही नाहीत. पडद्यावर धरणाचे पाणी येते. सगळे निघून जातात, चौधरी हवेली सोडत नाही आणि हवेलीबरोबर बुडतो. खोलीत कुणी बोलेना. मी पदर तोंडाला लावला होता. बीजींनी विचारले, ‘तुझे गाव कुठे आहे ग?’ मी म्हटले, ‘पाण्याखाली.’ त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझे पलीकडे.’ बीजींचे माहेर-सासर दोन्ही लायलपूरकडचे. त्या शहराला आता फैसलाबाद म्हणतात. कालव्याची जमीन, पिकती विहीर सोडून १९४७ साली त्या लहान लेकराला घेऊन आल्या होत्या. एक वर्ष इतका शेजार होता, पण हे त्या मला त्या रात्री पहिल्यांदा बोलल्या.

मी पुढे पुष्कळ विचार केला. आमचे आबा काही चौधरी नव्हते. चौधरीला जमिनीबरोबर माणसांवरची सत्ता जाण्याचे दुःख होते. त्याच्या कुळांना त्या पाण्याने सुटकाच दिली असेल. आबांना कुणावर सत्ता नव्हती, पाऊण एकर खाचर होते. तरी दोघांचा हट्ट एकाच मुळातून आलेला. लेखकाने जुलमी माणसाचा जुलूमही दाखवला आणि त्याची मातीची माया खोटी ठरवली नाही. म्हणून आम्हाला त्याचा राग आला आणि रडूही आले.

पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या. ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ अशा पाकिस्तानी मालिका मुंबईपर्यंत हातोहात फिरल्या. त्या लिहिणाऱ्या हसीना मोईन मूळच्या कानपूरच्या. राज कपूर यांच्या संस्थेच्या १९९१ च्या ‘हिना’ चित्रपटाचे संवादही त्यांनी लिहिले. तिकडची तऱ्हा आपल्यासारखीच. १९६५ नंतर तिथल्या चित्रपटगृहांत हिंदी चित्रपट बंद झाले, तर लाहोरची माणसे अँटेना अमृतसरकडे वळवून ते घरात पाहू लागली. २०१४ साली ‘जिंदगी’ वाहिनी निघाली आणि पाकिस्तानी मालिका आपल्याकडे उघडपणे दिसू लागल्या. २०१६ साली उरीचा हल्ला झाला आणि त्या बंद झाल्या. २०२५ साली पहलगामला निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर मे महिन्यात सरकारने मोबाइलवरून, इंटरनेटवरून दिसणारे पाकिस्तानी कार्यक्रमही थांबवायला सांगितले. फौजीची बायको म्हणून सांगते, ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्यापुढे मालिका बंद झाल्याचे दुःख काय सांगावे? पण ‘वारिस’ने मला जे दिले ते मी नाकारणारही नाही.

अमजद इस्लाम अमजद २०२३ साली वारले. बातमी वाचून मी नातवाला चौधरीची गोष्ट सांगायला बसले. त्याने विचारले, ‘आजी, आपली वाडी कशी होती?’ तेव्हा मी वही घेतली. सात घरे, कुणाचे कुठे, फणस कुठे, देऊळ कुठे, खाचराला पाणी कुठून यायचे, सारे काढले. विहिरीची जागा मला आणि माझ्या चुलत्यांना वेगवेगळी आठवते. ते म्हणतात देवळामागे, मी म्हणते फणसाखाली. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की खोऱ्यातल्या जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. येत्या मे महिन्यात चुलत्यांना घेऊन जायचे ठरवले आहे.

वाचकहो, तुमची जमीन धरणात गेली असेल, रस्त्यात गेली असेल, कर्जात गेली असेल किंवा अजून तुमच्याच नांगराखाली असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ आज संध्याकाळी बसा. शेताची नावे विचारा. विहीर कुणी खणली, आंबा कुणी लावला, कोणत्या सालच्या दुष्काळात काय विकले, ते लिहून घ्या. अक्षर चांगले नसले तरी चालेल.