गंधाराचे चौदा सेंट

उजव्या कानाचा आलेख चार हजार हर्ट्झच्या पुढे उताराला लागलाय, असं कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा फारसं वाईट वाटलं नाही. साठीनंतर लागायचाच. वाईट पुढच्या गोष्टीचं वाटलं. एकच स्वर माझ्या दोन कानांना वेगळा ऐकू येतो, उजव्याला किंचित चढा. डिप्लॅक्युसिस म्हणतात याला. ज्यांच्या भरवशावर मी इतकी वर्षं सँपलरमधला ट्यूनचा नॉब फिरवत आलो, त्या दोघांचं आपसात पटत नाही तर!

माझं काम पेटीचं. खरी पेटी मंद, मध्यम आणि भरल्या भात्यावर पट्टीपट्टीने ध्वनिमुद्रित करायची आणि कॉन्टॅक्ट या सँपलरमध्ये बसवायची. झोन, रूट की, लूप यांबद्दल लिहीत नाही, करणाऱ्यांना ते ठाऊक आहे. मला छळतो तो गंधार.

तानपुऱ्यातली काळी एकच्या खर्जाची तार 69.3 हर्ट्झची. त्या तारेतून निघणारा स्वयंभू गंधार 346.5 वर बोलतो. पेटीतल्या मध्य सप्तकातल्या गंधाराचा दुसरा उपस्वर मात्र 349.2 वर. सेकंदाला पावणेतीन विस्पंद. सेंटच्या भाषेत तानपुऱ्याचा गंधार 386 आणि पेटीचा 400, फरक 13.7 चा, बोलताना आपण चौदा म्हणतो. नॉब उणे 13.7 वर नेला की थरथर थांबायला हवी.

थांबत नाही. भात्याचा दाब वाढला की पत्तीचा सूर किंचित उतरतो. म्हणजे भरल्या भात्याचा सँपल मंद भात्याच्या सँपलपेक्षा मुळातच खाली असतो. भाता वाढवायला मॉड व्हील वर नेताना मधल्या टप्प्यात दोन्ही सँपल एकाच वेळी वाजतात आणि एकाच पट्टीच्या पोटात स्वतःचे विस्पंद सुरू होतात. आता कानावर पडणारी थरथर तानपुऱ्याशी भांडणाची की घरातल्या भांडणाची, हे ओळखायचं कसं? दोन्ही थर काटेकोर 386 वर आणून ठेवले तर थरथर जाते, पण तिच्याबरोबर भाताही जातो. उरतो तो कॅसिओ. तसेच ठेवले तर जोर दिलेला प्रत्येक गंधार बसका वाटतो. मी अर्धा फरक ठेवतो. का अर्धा? माझ्याकडे उत्तर नाही. पट्टीगणिक हा अर्धा बदलतो, आणि नर-खर्ज अशा दोन ओळी एकदम वाजवल्या की पुन्हा पहिल्यापासून.

कान असे झाल्यावर मी स्वर ऐकून लावणं सोडलं, विस्पंद मोजून लावतो. ते हवेतच तयार होतात, त्यामुळे माझ्या उजव्या कानाचं मत तिथे विचारलं जात नाही. अट एकच, सगळं मोनोमध्ये आणि एकाच स्पीकरवर. हेडफोनमध्ये तानपुरा एका कानाला आणि पेटी दुसऱ्या कानाला दिली, तर दोघांची हवेत गाठच पडत नाही.

हल्ली काही तयार लायब्रऱ्यांत ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटण असतं. दाबलं की प्रत्येक स्वर मनाला येईल तसा दोन-चार सेंट इकडेतिकडे होतो. हा शुद्ध चावटपणा आहे. कुठलाही पेटीवाला मनाला येईल तसा बेसूर होत नाही. त्याचा सूर सरकतो तो भात्यामुळे, पत्तीवर चढलेल्या गंजामुळे, हवेमुळे. कारणाशिवाय सरकणारा सूर मला ऐकवत नाही.

हे चौदा सेंटांचं भांडण माझ्या आधीचं आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांच्यासारखेच या नादी लागलेले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी घडवली. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची केली. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते पुढे तीसेक वर्षं बंदच राहिलं. मला ते पटत नाही, पण पेटीला नावं ठेवणाऱ्यांचा कान खोटा नव्हता. खोटे आपण. मराठी कान नाट्यपदांच्या ऑर्गनवर पोसला, त्याला 400 चा गंधार गोड लागायला लागून जमाना झाला.

कॉन्टॅक्टच्या स्क्रिप्टमध्ये बारा स्वरांचं कोष्टक ठेवता येतं. गायकाचा षड्ज पांढरी चार झाला की अख्खं कोष्टक फिरवायचं. भूपाला 884 चा धैवत, देशकाराला 906 चा. दरबारीचा गंधार कुठल्याच आकड्यात बसत नाही, तिथे मी पट्टी दाबतच नाही. सेंटचा हजारावा भागही ही स्क्रिप्ट घेते. आणि इथे माझा अहंकार उघडा पडतो. कानाला कळणार नाहीत असे दशांश मी भरून ठेवतो, कुणी फाइल उघडली तर त्याला दिसावेत म्हणून. मैफलीत पुढच्या रांगेत बसून शेजाऱ्याच्या कानात ‘दहा सेंट चढा’ असं पुटपुटण्याची सवयही सुटलेली नाही. कानाचं दुखणं मात्र एकाही संगीतकाराला सांगितलेलं नाही. यंत्र लावायला सांगितलंय, ते कपाटात आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी माझा 386 चा गंधार ऐकवला. ती म्हणाली, ‘‘काका, उतरलाय.’’ मी तानपुरा लावून पुन्हा ऐकवला. आता म्हणाली, ‘‘तानपुराच उतरलाय.’’ तिचा कान तरुण आहे, माझ्यापेक्षा कितीतरी पुढचं ऐकतो. पण ती वाढली पिच करेक्शन लावलेल्या गाण्यांवर. प्रत्येक गायकाचा गंधार आणून चारशेच्या खिळ्याला टांगलेला. रागावणार कुणावर?

संगीतसंयोजकांना एवढंच सांगणं आहे. पेटीचं काम द्यायचं असेल तर तानपुऱ्याचा ट्रॅक आधी पाठवा आणि गायकाचा आवाज करेक्शन लावण्यापूर्वीचा पाठवा. आवाज चारशेवर टांगून झाल्यावर पाठवलात, तर माझ्या पेटीऐवजी कुठलीही तयार पेटी चालेल, आणि ती स्वस्तही पडेल.